रंग गेला, पण पाणी स्वच्छ झालं का?



आमच्या गल्लीत एक घर बांधायला निघालंय. दारासमोर वाळूचा ढीग पडला की गल्लीतल्या मुलांचा मुक्काम तिथंच. परवा शेजारचा सात-आठ वर्षांचा मुलगा मोडक्या स्पीकरमधलं गोल चुंबक दोऱ्याला बांधून वाळूतून ओढत होता. चुंबकाला बारीक काळ्या कणांची दाढी फुटलेली. "खाला, वाळूत लोखंड कुठून आलं?" त्यानं विचारलं.

ते लोखंड नव्हे. लोखंड आणि ऑक्सिजन यांचं ते एक संयुग आहे, त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात ते असतंच. दगड झिजला की नदीच्या वाळूत उतरतं. लोहचुंबकाचा मूळ दगड म्हणतात तो हाच. माझ्या दादीच्या जानमाजजवळ एक जुनं किब्लानुमा असायचं, त्यातल्या सुईची कथाही इथूनच सुरू होते. येमेनच्या अल-अश्रफ नावाच्या सुलतानानं तेराव्या शतकाच्या अखेरीस होकायंत्रानं किब्ल्याची दिशा कशी काढावी हे लिहून ठेवलं आहे. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

आज या काळ्या दगडाची आठवण निघाली ती माझ्या भाच्यामुळे. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. महिन्यापूर्वी तो हेच मॅग्नेटाइट, पण वाळूतल्या कणापेक्षा हजारो पट बारीक केलेलं, एका छोट्या बाटलीत घालून भाईजानच्या डाईंगमध्ये पोहोचला. "मामू, तुमच्या गटारीचा प्रश्न सुटला," अशी त्याची पहिली घोषणा.

भाईजानचं डाईंग म्हणजे फार मोठा कारखाना नाही. आठ कामगार, चादरीचं आणि टॉवेलचं सूत रंगवायचं, बस्स. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानानं सांगतो, जेकार्डच्या मागावरचा तो मोर आणि ती नक्षी सगळ्या देशाच्या घराघरांत आहे. पण सूत रंगल्याशिवाय मोर निघत नाही, आणि रंगवून झाल्यावर जे पाणी उरतं त्याबद्दल कुणी बोलत नाही.

थोडं समजून घेऊया. एक किलो सूत रंगवून धुवायला, यंत्र कसलं आहे आणि रंग कोणता आहे त्यावर, साधारण ५० ते १५० लिटर पाणी लागतं. जुनी चांगली चादर वॅट रंगांची. हा रंग पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक आणि हायड्रोस घालून त्याला विरघळवतात, सूत त्यात बुडवतात, मग बाहेर हवेत टांगतात. हवा लागली की रंग पुन्हा घट्ट होऊन धाग्यात अडकून बसतो. लहानपणी अब्बांच्या हातातलं पिवळट-हिरवं सूत बघता बघता निळं होताना मी पाहिलंय. जादूच वाटायची. टॉवेलसाठी मात्र आज बहुतेक ठिकाणी रिअॅक्टिव्ह रंग. ते स्वस्त, चमकदार आणि वापरायला सोपे. त्यांची खोड अशी की शंभर भाग रंग टाकला तर १० ते ४० भाग धाग्याला चिकटतच नाहीत, पाण्यातच राहतात. शिवाय रंग धाग्याकडे ढकलायला एका लिटरला ५० ते ८० ग्रॅमपर्यंत मीठ घालावं लागतं. ते सगळंच्या सगळं पाण्याबरोबर बाहेर.

हा रंग सूर्यप्रकाशाला, घामाला, साबणाला दाद देऊ नये म्हणूनच तर बनवलेला असतो. जो रंग तुमच्या टॉवेलवर पाच वर्षं टिकतो, तो ओढ्यातल्या जिवाणूंनी दोन दिवसांत खाऊन टाकावा अशी अपेक्षा कशी करणार?

तर भाच्याचा प्रयोग. त्यानं धुण्याच्या हौदातलं लालभडक पाणी घेतलं, त्यात साधं पाणी घालून फिकं केलं, थोडं आम्ल टाकलं, चिमूटभर ती काळी पूड टाकली आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड डाईंगवाल्यांच्या ओळखीचं, सूत पांढरं करायला तेच लागतं. मग ढवळत बसला. अर्ध्या तासात लालाचा गुलाबी झाला, तासाभरात पाणी जवळजवळ बिनरंगी. मग त्यानं भांड्याला बाहेरून एक चुंबक लावलं. सगळी काळी पूड सरकत येऊन काचेला चिकटली. वरचं पाणी त्यानं दुसऱ्या भांड्यात ओतलं. कामगार काम सोडून बघत उभे. एकजण म्हणाला, "सुभानल्लाह, हे तर झमझमसारखं दिसतंय." मी त्याला म्हटलं, दिसतंय खरं, पण पिऊ नकोस.

यामागचं रसायन सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं आहे. १८९४ मध्ये फेन्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की लोखंडाचा क्षार आणि पेरॉक्साइड एकत्र आले की त्यांच्यात एरवी न दिसणारी जोरदार ताकद येते. पुढे १९३० च्या दशकात हाबर आणि वाइस यांनी त्याचं कारण सांगितलं. लोखंड पेरॉक्साइडला फोडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा एक अतिशय तापट कण निघतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांशाच्या हिशेबात मोजायचं. पण तेवढ्यात समोर जे येईल त्याचा तो लचका तोडतो. रंगाचा रेणू समोर आला तर रंगाचा.

मग नवीन काय? जुन्या पद्धतीत लोखंड पाण्यात विरघळलेलं असतं. काम झाल्यावर ते गाळ होऊन खाली बसतं, तांबूस चिखलासारखं, आणि तो चिखल टाकायचा कुठे हा नवाच प्रश्न उभा राहतो. मॅग्नेटाइटमध्ये लोखंड कणाच्या आत बांधलेलं असतं. काम कणाच्या पृष्ठभागावर होतं, कण जवळपास तसाच राहतो, चुंबकानं गोळा करून पुन्हा वापरता येतो. स्वतः फारसं न संपता दुसऱ्यांची क्रिया घडवून आणणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. निकाहात वर-वधू जोडून देणाऱ्या मावशीसारखा समजा. ती स्वतः कुणाच्या घरी नांदायला जात नाही, पुढच्या स्थळाला मोकळी.

कण इतके बारीक का करायचे? काम पृष्ठभागावर होतं म्हणून. कांदा अख्खा तळा आणि बारीक चिरून तळा, फरक तुम्हाला माहीत आहे. दहा नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सात-आठ हजाराव्या भागाएवढे कण केले, तर एका ग्रॅममधल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग मिळून शंभर चौरस मीटरच्या पुढे जातो. हजार-बाराशे चौरस फुटांचा फ्लॅट एका चिमटीत. आणखी एक गंमत म्हणजे इतके बारीक कण चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबकासारखे वागतात. चुंबक काढलं की एकमेकांना ओढून धरत नाहीत, पाण्यात पुन्हा पसरतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये असेच बारा नॅनोमीटरच्या आसपासचे कण साध्या चुंबकानं पाण्यातून काढून दाखवले, आणि त्यांच्याबरोबर पाण्यातलं आर्सेनिकही ओढून बाहेर आणलं. तेव्हापासून या काळ्या पुडीवर जगभर काम चाललंय. आपल्या शेजारी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही चुंबकीय फेराइटवर आणि पाण्यातले रंग मोडण्यावर बरीच वर्षं संशोधन होत आलं आहे.

आता भाईजानचं ऐका. भांडं डोळ्यांसमोर धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग काही न बोलता आत गेले. दुसऱ्या ग्लासात तेच लाल पाणी, थोडं गरम केलेलं, घेऊन आले. त्यात कॉस्टिकचा थेंब आणि हायड्रोसची चिमूट टाकली. चार-पाच मिनिटांत तेही पाणी फिकं पडलं. ना चुंबक, ना नॅनो. "बेटा, रंगच घालवायचा असेल तर आम्ही तीस वर्षं घालवतोय. चुकीचा रंग बसला की सूत असंच उतरवतो. आता सांग, तुझ्या ग्लासात आणि माझ्या ग्लासात फरक काय?"

भाचा गप्प झाला. मला विचाराल तर त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच होता, आणि तो एका दहावी पास माणसानं विचारला.

फरक आहे, आणि मोठा आहे. पण तो डोळ्यांना दिसत नाही. यातले बरेच रंग ज्या वर्गात मोडतात त्या अॅझो रंगांच्या रेणूत मध्ये एक जोड असते, दोन नायट्रोजनची. रंग दिसतो तो मुख्यतः त्या जोडीमुळे. हायड्रोस नेमकी ती जोड तोडतो. रंग गेला, पण रेणूचे दोन तुकडे पाण्यात तसेच. त्यातले काही तुकडे अॅरोमॅटिक अमाइन जातीचे असतात, आणि त्या जातीतले बेन्झिडीनसारखे काही कर्करोग आणणारे म्हणून ओळखले गेलेत. असे तुकडे देणाऱ्या रंगांवर जर्मनीनं १९९४ मध्ये बंदी घातली, आणि आपल्याकडेही त्याच दशकात अनेक रंगांवर बंदी आली ती याच कारणानं. म्हणजे दिसणारं नाहीसं झालं आणि न दिसणारं उरलं.

पेरॉक्साइड आणि मॅग्नेटाइटचा रस्ता वेगळा. तो तापट रॅडिकल तुकड्यांचेही तुकडे करत जातो आणि पुरेसा वेळ, पुरेसं पेरॉक्साइड मिळालं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार उरतात. "पुरेसा वेळ" हे शब्द महत्त्वाचे. रंग तासात जातो, तुकडे संपायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. मधेच थांबलात तर तुमचाही ग्लास भाईजानच्या ग्लासासारखाच, बिनरंगी आणि भरलेला. म्हणून प्रयोगशाळेत डोळ्यांवर न विसंबता सीओडी मोजतात, म्हणजे पाण्यात जे काही सेंद्रिय उरलंय ते पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते. कारखान्याचं पाणी नदी-नाल्यात सोडायचं तर ते लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवं असा आपल्याकडे नियम आहे.

भाच्यानं सीओडी मोजला होता का? नव्हता. रंग उतरलेला व्हिडिओ मात्र काढला होता.

त्याची बाजूही सांगितली पाहिजे. पुस्तकातले बहुतेक प्रयोग शुद्ध पाण्यात एकच रंग, तोही लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम, असे होतात. भाईजानच्या हौदात रंग तीन-चार जातींचे, साबण, कॉस्टिक आणि वर ते मीठ. मिठातलं क्लोराइड त्या रॅडिकलला वाटेतच गाठतं, रंगापर्यंत पोहोचू देत नाही. ही क्रिया सगळ्यात चांगली चालते ती लिंबाच्या रसासारख्या आंबट पाण्यात, आणि डाईंगचं पाणी असतं नेमकं उलट, साबणासारखं अल्कधर्मी. म्हणजे आधी आम्ल ओता, काम झाल्यावर पुन्हा चुना घाला. दोन्हींचा खर्च. मग मी कागदावर एक हिशेब मांडला. दिवसाला २०० किलो सूत, किलोला शंभर लिटर धरलं तर वीस हजार लिटर पाणी. लिटरला एक ग्रॅम पूड म्हटलं तर वीस किलो. रोज ती वीस किलो परत गोळा करायची. त्यातली शंभरातली एक जरी निसटली तरी रोज २०० ग्रॅम इतके बारीक कण गटारीत. आणि स्पीकरच्या चुंबकाची ओढ चार बोटांपलीकडे उरत नाही. मोठ्या प्रमाणावर हे करायची यंत्रं आहेत. चिनी माती शुद्ध करायला पोलादी लोकरीतून आणि जबर चुंबकातून ती मिसळलेलं पाणी सोडतात, तसंच इथंही करता येतं. फक्त ती यंत्रं आठ कामगारांच्या डाईंगला परवडणारी नाहीत.

आणि तरीही काहीतरी करावं लागणार हे भाईजानला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तमिळनाडूत तिरुपूरला नोय्यल नदी रंगीत झाली, खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी गेल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं शेकडो डाईंग एकदम बंद झाली. पाण्याचा एक थेंब बाहेर सोडणार नाही हे सिद्ध करा, मगच सुरू करा. "तिथले माझ्यासारखे किती बसले असतील," भाईजान म्हणाले. त्यांच्या आठ कामगारांपैकी तिघे आमच्याच मोहल्ल्यातले आहेत, तिघांचीही मुलं शाळेत.

दुसरी बाजू आमच्या फुफीच्या घरी आहे. त्यांच्या बोअरला दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी गुलाबी पाणी यायला लागलं. कोणत्या डाईंगचं ते कुणालाच ठरवता आलं नाही, सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. सहा-सात महिन्यांनी रंग आपोआप कमी झाला, मग गेला. उजनीचं नळाचं पाणी सोलापुरात काही दिवसांआड येतं, त्यामुळे बोअर सोडून देणं कुणालाच जमत नाही. फुफीनं मला विचारलं, "आता रंग नाही, वास नाही, चवही ठीक आहे. वुजू करावा ना? भात शिजवावा ना?"

पहिला प्रश्न आलिमांचा आहे, तो मी त्यांच्याकडेच पाठवला. रंग, वास आणि चव बदलली का हे पाहायचं, ही कसोटी आपण सगळे लहानपणापासून शिकलोय. या बाबतीत एक जुना निर्णय मात्र मला फार मार्मिक वाटतो. सौदी अरबस्तानातल्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळानं १९७८ मध्ये सांडपाणी शुद्ध करून वापरण्याला परवानगी दिली. शुद्धीकरणानं रंग, वास, चव पूर्ववत झाली आणि जाणकार, विश्वासू तज्ज्ञांनी तशी साक्ष दिली तर ते पाणी पाक मानता येईल, असं त्यांनी म्हटलं. पण पुढे हेही म्हटलं की त्यानं आरोग्याला अपाय होणार असेल तर ते टाळावं, नापाक म्हणून नव्हे, इजा टाळण्यासाठी. म्हणजे पाकी आणि आरोग्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आपण मात्र पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा विचारतच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी फुफीला दिलं. भात नको, पिणं तर नकोच, तपासणी होईपर्यंत त्या पाण्यानं फरशी पुसा. उकळून उपयोग नाही, रंगाचे तुकडे उकळून जात नाहीत, उलट पाणी आटून घट्ट होतं. तुरटीनं गढूळपणा बसतो, विरघळलेलं बसत नाही. एक सोपी खूण मात्र आहे. रंग मोडतो, मीठ मोडत नाही. बोअरचं टीडीएस मोजून घ्या. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा इलाजच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. शेजारच्या गल्लीतल्या बोअरपेक्षा तुमचं टीडीएस खूप जास्त असेल, तर रंगवाल्याचं पाणी अजून तुमच्याकडे येतंय अशी शंका घ्यायला जागा आहे. मग प्रयोगशाळेत नमुना देताना नुसती जंतूंची तपासणी मागू नका, सीओडी आणि जड धातूही मागा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाणी तपासून मिळतं, आणि तक्रार करायची तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय सोलापुरातच आहे. फुफीचं टीडीएस १९०० च्या वर निघालं. बाकीचा अहवाल यायचाय.

भाचा चार दिवस रुसला होता. मग मी त्याला कोल्हापूरच्याच प्रा. संजय गोविंदवार यांच्या कामाविषयी सांगितलं. शिवाजी विद्यापीठात त्यांच्या गटानं चुंबकाऐवजी जिवाणू आणि बुरशी वापरून कापडाचे रंग मोडण्यावर कितीतरी वर्षं काम केलं. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे रंग गेला म्हणून ते थांबत नसत. उरलेल्या पाण्यावर ज्वारी, मूग, गहू यांचं बी रुजवून बघत. साध्या पाण्यावर किती दाणे फुटले, रंगाच्या पाण्यावर किती, रंग मोडलेल्या पाण्यावर किती, आणि मुळं किती लांब गेली. पाणी पिण्यालायक आहे का हे त्यानं ठरत नाही, पण पाण्यात काही विषारी उरलंय का याचा सुगावा लागतो. आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या जिल्ह्यात दाणे काय महाग आहेत?

तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन बशा मांडल्या गेल्या. ओल्या फडक्यावर वीस-वीस दाणे. पहिल्या बशीत नळाचं पाणी, दुसरीत हौदातलं लाल, तिसरीत भाच्याचं बिनरंगी. तीन दिवसांनी पहिलीत पांढरी मुळं बोटभर. दुसरीत अर्धे दाणे फुगून तसेच पडलेले. तिसरीत, ज्या पाण्याला झमझमची उपमा मिळाली होती त्यात, दुसरीपेक्षाही कमी दाणे फुटले.

भाचा रडकुंडीला आला. मग बसून शोधलं तेव्हा दोन चुका सापडल्या. आम्ल घातलेलं पाणी त्यानं चुन्यानं परत सारखं केलंच नव्हतं, आणि न वापरलेलं पेरॉक्साइडही त्यात तसंच शिल्लक होतं. आता तो पूड घातलेलं पाणी एका तासाऐवजी सहा तास ढवळतोय, त्यानंतर चुना घालून रात्रभर ठेवतोय, आणि कॉलेजात सीओडीच्या यंत्रासाठी सरांच्या मागे लागलाय. भाईजानंही रोज संध्याकाळी खऱ्या हौदातलं पाणी, फिकं न करता, मिठासकट, दोन कॅन भरून पाठवतात. कॅनवर खडूनं लिहिलेलं असतं, आजचा रंग कोणता आणि मीठ किती.

काल दुसऱ्या खेपेच्या बशा खिडकीत ठेवल्यात. या वेळी चार आहेत. चौथीत फुफीच्या बोअरचं पाणी आहे.